पेय बदलत गेलं, झोप तशीच राहिली : रात्रीच्या नेमाचं एक प्रकरण

झोपेची तक्रार घेऊन येणारी बरीच माणसं झोपण्याआधी वेगळं असं काहीच करत नसतात. काम, जेवण, फोन आणि मग थेट उशी. हे प्रकरण नेमकं उलटं होतं. ४८ वर्षांचे हे गृहस्थ झोपण्याआधी इतकं काही करत होते, आणि त्यातल्या कुठल्याच गोष्टीला नाव ठेवायला जागा नव्हती, तरी आठ महिने त्यांना धड झोप नव्हती. मी झोपेच्या तक्रारींवर समुपदेशन करते. रात्रीचं गरम पेय आणि झोपण्याआधीचा नेम याबद्दल जे सल्ले सर्रास दिले जातात ते कुठपर्यंत खरे असतात, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये यासाठी व्यवसाय आणि घरचे तपशील बदलले आहेत.

तक्रार आणि आधीची हकीकत

गृहस्थ घरून काम करतात. आकडे, मुदती आणि तपासणी यांचं काम. सुरुवात झाली ती कामावरच्या एका कठीण काळात. तीनेक महिने जबाबदारी दुप्पट होती, रात्री उशिरापर्यंत डोकं चालू राहायचं. तो काळ संपला, काम पूर्ववत झालं, झोप मात्र परतली नाही. हे अगदी नेहमीचं चित्र आहे. आर्थर स्पीलमन यांनी निद्रानाशाची जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत : माणसाचा मूळचा कल, निद्रानाश सुरू करणारी घटना आणि तो चालू ठेवणाऱ्या सवयी. सुरू करणारी घटना निघून गेली तरी तिच्यावर उपाय म्हणून लावून घेतलेल्या सवयी मागे राहतात, आणि पुढे दुखणं त्यांच्यावरच तगतं.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांत वळवळ, थायरॉइड, रक्तातली साखर हे सगळं त्यांच्या डॉक्टरांनी आधीच तपासलं होतं. काही सापडलं नव्हतं. रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, ही एक तक्रार होती. तिचं कारण पुढे निघालं, आणि ते अगदी साधं निघालं.

पहिल्या भेटीला त्या बाईही, म्हणजे त्यांच्या पत्नी, सोबत होत्या. संध्याकाळ कशी जाते असं मी विचारलं तेव्हा गृहस्थांनी सगळा क्रम घड्याळासकट सांगितला. साडेआठला घरातले मोठे दिवे बंद. मग गरम पाण्यात पाय. मग ताण काढायचे व्यायाम. वहीत दिवसाचं लिखाण. श्वासाचा व्यायाम. मग पेय, अंथरुणात बसून, मोठा मगभर. थोडं वाचन. बोटात झोप मोजणारी अंगठी. दहाला दिवा बंद. ते बोलत असताना बाई गप्प होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "यांचं दूध तापायला ठेवलं की घरात बोलायची चोरी असते. कुणाचा फोन वाजला तरी हे म्हणतात, झालं, आज गेली रात्र."

त्या एका वाक्यात मला प्रकरणाची किल्ली सापडली. नेम झोपेसाठी होता, पण आता तो नेमच सांभाळावा लागत होता.

तो कागद

दुसऱ्या भेटीला त्यांनी एक छापलेला तक्ता आणला. डावीकडे तारीख, मध्ये त्या रात्रीचं पेय, उजवीकडे अंगठीने दिलेले गुण. आठ महिन्यांत पाच पेयं झाली होती : कॅमोमाइलच्या फुलांचा काढा, मध घातलेलं गरम दूध, माल्टची पावडर घातलेलं दूध, कोको, आणि व्हॅलेरियन ही झोपेसाठी घेतली जाणारी वनस्पती असलेलं एक तयार मिश्रण. प्रत्येक पेयाच्या सुरुवातीला हिरव्या शाईने खूण होती आणि ते बंद केलं त्या जागी लाल. त्यांचा निष्कर्ष असा होता की प्रत्येक पेय पहिले काही दिवस लागू पडतं आणि मग शरीराला त्याची सवय होऊन जाते. पुढचं कोणतं घ्यावं, हा त्यांचा मला प्रश्न होता.

मी त्यांना हिरव्या खुणांच्या आधीचा आठवडा बघायला सांगितला. पाचही वेळा तो त्या टप्प्यातला सगळ्यांत वाईट आठवडा होता. स्वाभाविकच आहे, माणूस नवीन उपाय शोधतो तो हद्द झाल्यावरच. पण फार वाईट रात्रींनंतर काय होतं? आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली झोपेचं जे प्रारूप मांडलं ते आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया आहे. त्यात दोन प्रक्रिया आहेत. एक शरीरातलं घड्याळ. दुसरी झोपेची ओढ, जी जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक साचत जाते आणि झोपल्यावर ओसरते. पाचसहा रात्री झोप कमी झाली की ओढ इतकी साचते की पुढच्या एकदोन रात्री झोप बरी लागतेच, पोटात कॅमोमाइल असो की साधं पाणी. शिवाय कुठलीही चढउतार होणारी गोष्ट अगदी तळाला गेल्यावर मोजायला घेतली, तर पुढचं मोजमाप बहुधा वरच येतं. आणि नव्या उपायाची आशा असते, तिनेही मन सैल होतं. तिन्ही गोष्टींचं श्रेय त्या त्या वेळी मगात जे असेल त्याला मिळत होतं.

हे समजावल्यावर ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांचा धंदा आकड्यांचा, त्यामुळे दुसऱ्या कुणाला पटायला वेळ लागला असता ते त्यांना लगेच पटलं. मग म्हणाले, "म्हणजे यातलं काहीच खरं नाही?"

कपात काय असतं

असंही नाही. या पेयांबद्दल जे माहीत आहे ते मी त्यांना एकेक करून सांगितलं.

दुधात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्यापासून मेंदूत सेरोटोनिन आणि पुढे झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक बनतं, हे खरं. पण पेलाभर दुधात ते साधारण १०० मिलिग्रॅम असतं, आणि झोपेवर परिणाम दिसलेल्या प्रयोगांत सहसा १ ग्रॅम किंवा त्याहून जास्त ट्रिप्टोफॅन वेगळं दिलेलं होतं. त्यातही दुधातली इतर अमिनो आम्लं मेंदूत शिरायच्या त्याच वाटेवर गर्दी करतात. त्यामुळे दुधाने झोप येत असेल तर ती ट्रिप्टोफॅनमुळे येते, असं म्हणवत नाही.

कॅमोमाइलमध्ये एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं, आणि मेंदूत झोपेची काही औषधं जिथे बसतात त्याच जागी ते बसतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण दीर्घकाळ निद्रानाश असलेल्या ३४ जणांवर २०११ साली झालेल्या एका छोट्या चाचणीत, दिवसातून दोनदा २७० मिलिग्रॅम अर्क २८ दिवस देऊनही झोपेच्या नोंदींत ठळक फरक पडला नाही. कोकोत थोडं का होईना कॅफिन असतं; ते संध्याकाळी पाचला कॉफी घ्यायचेच, तिच्यावर त्याची भर कशाला?

माल्टच्या दुधाची गोष्ट मला स्वतःला सगळ्यांत बोलकी वाटते. १९७२ साली ब्रेझिनोवा आणि ऑस्वल्ड यांनी हॉर्लिक्स पिऊन झोपणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यमवयीन माणसांची झोप त्यात लांबली आणि उत्तररात्री कमी तुटली. पण पुढे १९८० साली कर्स्टीन ॲडम यांनी, आपल्या अभ्यासातल्या माणसांना एरवी झोपण्याआधी काही खायची-प्यायची सवय आहे का, हे पाहिलं. ज्यांना सवय होती ते पेय घेऊन चांगले झोपले. ज्यांना नव्हती ते काही न घेता चांगले झोपले. म्हणजे आपल्या रोजच्या रीतीच्या जितकं जवळ, तितकं झोपेला बरं. अभ्यास लहानच होता, पण या गृहस्थांच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ निघत होता : दर काही आठवड्यांनी पेय बदलून त्यांनी कपाकडून मिळण्यासारखी मुख्य गोष्ट, म्हणजे ओळखीचेपणा, स्वतःच घालवली होती.

उरलं ते मगाचं माप. तो मग मी घरून आणायला सांगितला होता. त्यात साडेतीनशे मिलिलिटर मावत होतं, आणि तो पावणेदहाला रिकामा व्हायचा. रात्री दोनदा उठण्याचा खुलासा त्यातच होता. वर दूध पिण्याआधीच दात घासून झालेले असायचे, कारण दूध अंथरुणात प्यायचं ठरलेलं. गोड दूध रात्रभर दातांवर, हे दंतवैद्याला विचारायचीही गरज नाही.

नेम कुठे वाकडा झाला

झोपण्याआधीच्या ठरलेल्या क्रमाचा उपयोग होतो, यात मला शंका नाही. लहान मुलांबाबत हे चांगलं तपासलेलं आहे. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ४०५ माता आणि त्यांच्या लहानग्यांवर केलेल्या अभ्यासात आंघोळ, मालिश, मग शांत असं काहीतरी, आणि अर्ध्या तासाच्या आत दिवा बंद, एवढ्या क्रमाने मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली. क्रम किती आटोपशीर आहे ते बघा. तीन पायऱ्या, अर्धा तास. आमच्या गृहस्थांच्या सात-आठ पायऱ्या होत्या आणि दीड तास.

मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवर एक गोष्ट टिपली होती. खाडीच्या आतल्या शांत पाण्यात मासे हमखास मिळत, तिथे मंत्रतंत्र नव्हते. भर समुद्रात, जिथे धोका होता आणि मिळकतीची खात्री नव्हती, तिथे मात्र जादूटोण्याचे विधी भरपूर होते. जिथे हातात काही नसतं तिथे माणूस विधी वाढवतो. झोप ही तशीच हातात नसलेली गोष्ट आहे. एक रात्र बिघडली की त्यांनी क्रमात एक पायरी वाढवली होती. पायरी काढल्याचं मात्र आठ महिन्यांत एकदाही झालं नव्हतं.

झोपेचं विज्ञान इथे एक फार कामाची गोष्ट सांगतं. निरोगी झोपणारा माणूस झोपेसाठी प्रयत्न करत नाही. कॉलिन एस्पी यांनी २००६ साली मांडलेल्या विचारानुसार निद्रानाश टिकतो तो तीन टप्प्यांत : झोपेकडे लक्ष जातं, मग मुद्दाम झोपायचं ठरवलं जातं, मग त्यासाठी धडपड सुरू होते. आपोआप होणारी गोष्ट लक्ष दिल्याने अडखळते. त्या अंगठीने या धडपडीला रोज सकाळी गुण दिले. झोपेच्या मोजमापाचाच ध्यास लागून झोप बिघडणारी माणसं दिसू लागल्यावर २०१७ साली संशोधकांनी त्याला ऑर्थोसोम्निया असं नावही दिलं. गृहस्थ सकाळी उठल्यावर कसं वाटतंय हे ठरवण्याआधी गुण बघायचे. गुण कमी असले की दिवसभर दमलेले.

काय केलं

पहिले दोन आठवडे काहीच बदललं नाही. फक्त अंगठी कपाटात गेली आणि सकाळी अंदाजाने, घड्याळ न बघता, झोपेची नोंद. त्यातून दिसलं की ते दहा ते सात असे नऊ तास अंथरुणात असतात आणि झोपतात साधारण सहा तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी फक्त दोन तृतीयांश झोप. उरलेले तीन तास ते जागं राहण्याचा सराव करत होते, असं मी म्हणाले तेव्हा ते जरा चिडले. चिडणं रास्त होतं, पण हिशेब तसाच होता.

म्हणून पहिला बदल पेयात किंवा नेमात केला नाही, वेळेत केला. अंथरुणात जायचं साडेबाराला, उठायचं साडेसहाला, रोज, रात्र कशीही गेली तरी. झोप येत नसेल तर उठून खुर्चीत बसायचं, झोप आली की परत यायचं. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली सांगितलेला हा नियम आजही निद्रानाशाच्या वर्तनोपचाराचा कणा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ पासून दीर्घ निद्रानाशावर औषधांच्याही आधी हाच उपचार सुचवला आहे. वेळ आवळण्याचा भाग स्वतःच्या मनाने मात्र कुणी करू नये. अपस्मार, बायपोलर विकार असलेल्यांना किंवा गाडी चालवणं हेच ज्यांचं काम आहे त्यांना तो धोक्याचा ठरू शकतो.

मग नेमाला कात्री. वहीतलं लिखाण ठेवलं, पण त्याचं रूप बदललं. ते दिवसभरात काय झालं ते लिहीत. २०१८ साली मायकेल स्कलिन यांच्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले होते, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. हा बदल त्यांना आवडला. काम करणाऱ्या माणसाला यादी सोपी जाते. पाय गरम पाण्यात ठेवायचे तर ठेवा, पण वाटेल त्या दिवशी आणि अंथरुणात जायच्या तासभर तरी आधी. हातपाय ऊबदार झाले की शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर येते, पण त्याला थोडा अवधी लागतो. श्वासाचा व्यायाम आणि ताणाचा व्यायाम दिवसा नेले. संध्याकाळी पाचची कॉफी दुपारी बाराच्या आत आली. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. त्यांची कॉफी तेवढी कडक नव्हती, तरी पाचला घेतलेल्या कॉफीचा मोठा वाटा दहाला अंगात असतोच.

आणि पेय. ते मी काढलं नाही. पाचांतलं कोणतं आवडतं असं विचारलं. आठ महिन्यांत आवडीचा विचार त्यांनी केलाच नव्हता. विचार करून म्हणाले, "साधं दूध. मध नको, काही नको." मग साधं दूध ठरलं. लहान कपात, दीडशे मिलिलिटर, अकराच्या सुमारास, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. नंतर दात घासायचे. ते पिताना कुणी बोललं तर बोलायचं. बाईंनी लगेच विचारलं, "फोन वाजला तर?" तर उचलायचा.

चिठ्ठ्या

तिसऱ्या आठवड्यात कपाशिवायच्या रात्री सुरू केल्या, आणि या प्रकरणातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातल्या दोन रात्री दूध नाही. कोणत्या दोन, ते बाई ठरवणार आणि संध्याकाळी चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवणार. चिठ्ठी वाचल्यावर गृहस्थांनी आपला अंदाज वहीत लिहायचा, सकाळी प्रत्यक्षातली झोप शेजारी.

पहिला अंदाज होता : "तीन तास. जास्तीत जास्त." झोप झाली पाच तास. त्या रात्री लागायला वेळ लागला, एकदा उठून खुर्चीतही बसले. दुसरा अंदाज साडेतीन, झोप साडेपाच. तिसऱ्या खेपेला अंदाजाच्या रकान्यात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि झोप दूध घेतलेल्या आदल्या रात्रीइतकीच होती. पुढे एका रात्री दूध घेऊनही फार वाईट गेली. त्या रात्रीचं मला विशेष बरं वाटलं, कारण दोन्ही बाजूंचे आकडे समोर आल्याशिवाय कप आणि झोप यांची गाठ सुटणार नव्हती.

यात पेयाला नावं ठेवायचा हेतू नव्हता. ज्या गोष्टीशिवाय झोपता येणार नाही असं वाटतं, ती जवळ असतानाही माणसाला धास्तीच देते : दूध संपलं तर, प्रवासात मिळालं नाही तर, नासलं तर. ती नसतानाही झोप येते हे अनुभवाने कळल्यावर ती पुन्हा निव्वळ सुखाची होऊ शकते. समजावून हे होत नाही, त्यासाठी रात्री काढाव्या लागतात.

पुढे काय झालं

वेळ आवळल्यानंतरचे पहिले तीन आठवडे कठीण गेले. दुपारी पेंग, चिडचिड. दोनदा त्यांनी हे सोडून देतो असं सांगितलं. चौथ्या आठवड्यापासून अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोपेत जाऊ लागला, तसतशी वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवली. तीन महिन्यांनी ते साडेअकरा ते साडेसहा झोपत होते. मध्यरात्रीची जाग पूर्ण गेलेली नाही. आठवड्यातून एखाद्या रात्री अडीचच्या सुमारास उठून खुर्चीत बसतात. लघवीला उठणं शून्यावर किंवा एकदावर आलं, आणि त्यासाठी कप लहान करण्यापलीकडे काही करावं लागलं नाही.

मध्ये एकदा मुलीच्या आजारपणात सगळं विस्कटलं. पंधरा दिवस ना यादी, ना दूध, ना ठरलेली वेळ. पूर्वी असं झालं असतं तर नवीन पेय आणि नवीन पायरी आली असती. या वेळी त्यांनी फक्त उठायची वेळ परत पक्की केली आणि आठवडाभर थांबले. मला ते त्यांनी नंतर कळवलं, विचारायला आधी आले नाहीत.

त्यांच्या एका स्नेह्याने, ज्याला झोपेचाच त्रास आहे, त्यांच्याकडे हा सगळा क्रम लिहून मागितला. गृहस्थांनी मला विचारलं, देऊ का? मी नको म्हटलं. तो स्नेही रात्री बारापर्यंत कामाच्या पडद्यासमोर असतो आणि तिथूनच अंथरुणात जातो. त्याला काढून टाकायला काही नाहीच. त्याला आधी एक कप दूध आणि तो पिण्यापुरती अर्ध्या तासाची उसंत हवी आहे, आणि चिठ्ठ्यांची गरज पडलीच तर ती पुढे काही महिन्यांनी.